राबातले चार दगड

१

फोटो वाचनालयात समितीच्या टेबलावर आला तेव्हा कपांतला चहा गरम होता. नंतर तो कोणी प्यायलाच नाही.

फोटोत डोंगराचा जळका उतार दिसत होता. मधोमध खाटेएवढा काळा चौकोन, राखेने भरलेला. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक दगड आणि प्रत्येक दगडावर चुन्याचा पांढराशुभ्र टिपका.

"राब आहे हा," फखरुद्दीन शेठ म्हणाले. "नवशाच्या बांधापासून दोनशे पावलांवर. वणवा याच उतारावरून पसरला असं वनखात्याचे लोकही म्हणतात. म्हणजे ज्याच्या हाती आपण मदत सोपवणार, आग त्यानंच लावली."

पावसाआधी भाताच्या रोपांची जागा शेण, टहाळ आणि गवत पसरून भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. ठाणे जिल्ह्यात हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. राबाची एक ठिणगी उडाली तर डोंगर पेटतो, हेही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी अंबाडीपलीकडचा डोंगर असाच पेटला होता. साळिंदरं, ससे, घोरपडी आणि चारही पाय पोळलेलं भेकराचं एक पाडस, असा गोतावळा नवशा नावाच्या शेतकऱ्यानं राखेतून उचलून आपल्या गोठ्यात आणला होता. वनखात्याची परवानगी घेऊन पशुवैद्य डॉक्टर मेघाली तिथंच त्यांच्यावर उपचार करत होत्या. औषधं, पिंजरे, मोकळं फिरण्याजोगं कुंपण, सगळ्याला पैसा हवा होता. त्यावर यंत्रमागांच्या भिवंडीनं भिवंडीसारखाच उपाय काढला: एक शिफ्ट जनावरांसाठी. मालकानं सूत आणि वीज द्यायची, कारागिरानं बारा तासांची ड्युटी द्यायची, आणि त्या शिफ्टमध्ये लूमवर जेवढं कापड निघेल तेवढं विकून दवाखाना उभा करायचा. कल्पना फखरुद्दीन शेठची. पायपीट सुताचे व्यापारी भाविक यांची. चाळीस कारखाने तयार झाले होते. रविवारी अकरा वाजता याच वाचनालयात सभा आणि सभेनंतर शिफ्ट सुरू.

आणि आज शुक्रवार होता.

"फोटो काल मी काढला," शेठचा नातू फरहान खाली मान घालून म्हणाला. तो मदतफेरीसाठी छोटी फिल्म बनवत होता. "मला काय माहीत असं निघेल."

डॉक्टर मेघालींनी विचारलं, कशावरून राबच? कोणी कचरा जाळला असेल. तेव्हा शेठनी फरहानच्या हातातली पिवळ्या मुखपृष्ठाची पुस्तिका घेतली, चष्मा वर सरकवला आणि बोट ठेवून वाचलं.

"'राबाच्या कोपऱ्यांवर तीन दगड राखणीला ठेवतात. प्रत्येकावर चुन्याचा टिपका देतात.' इथं तीन लिहिलेत, फोटोत चार आहेत. छापताना चुकलं असेल." मग त्यांनी दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. "केणेसाहेब, ये आपकीच किताब है ना?"

दाराजवळ पंढरीनाथ केणे बसले होते. वय बहात्तर, याच वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. अक्षर चांगलं म्हणून त्यांना समितीत घेतलं होतं आणि आतापर्यंतच्या सात बैठकांत ते एकदाही बोलले नव्हते. आताही त्यांनी नुसती मान हलवली.

शेठ दुष्ट नव्हते. त्यांनी इतकंच सांगितलं की कारागिराचा घाम खोट्या माणसासाठी मागणं त्यांना जमणार नाही. रविवारी अकरापर्यंत काही वेगळं निघालं तर ठीक, नाहीतर शिफ्ट रद्द. बाकीचे कारखाने त्यांच्याकडे बघूनच चालले होते. डॉक्टर मेघाली हळू आवाजात म्हणाल्या की मग जनावरं लांबच्या केंद्रावर हलवावी लागतील आणि ते पाडस काही तो प्रवास सोसणार नाही.

घरी जाताना केण्यांना सारखं वाटत होतं की नवशाला दोषी ठरवलं ते आपल्या मान हलवण्यानं.

२

शनिवारी सकाळी ते अंबाडीच्या जीपमध्ये बसले. शोध वगैरे लावायला ते निघाले नव्हते. आपलं पुस्तक ज्याच्यावर उलटलं त्याला निदान तोंड दाखवावं, एवढंच मनात होतं.

नवशा गोठ्यात पाडसाला बाटलीनं दूध पाजत होता. पाडसाच्या पायांना लूमच्या पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या होत्या. केण्यांना पाहून तो उठला नाही, पण बसा म्हणाला.

त्याची बाजू ऐकायला फार वेळ लागला नाही. काल त्याला फोनवरच बोल लावले होते, फोटो कोणी दाखवला नव्हता. "माझा राब अजून भाजलाच न्हाय," तो म्हणाला. "ओढ्याकडंला रचून ठेवलाय, जा बघून या. वणवा फेब्रुवारीत लागला, त्येवढ्या लवकर राब कोन भाजतो? पन ऐकतो कोन."

केण्यांनी भीतभीत फोटो पुढे केला. नवशाआधी तो त्याच्या आईनं, ठकुबाईनं, ओढून घेतला. लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि मग ती म्हातारी हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, थांबली, केण्यांच्या तोंडाकडे पाहून पुन्हा हसली.

"अवो मास्तर, राबात दगडं कोन ठेवतो? उन्हात दगुड तापला तर बाजूचं रोप करपंल का जगंल?"

केणे म्हणाले, पण मी लिहून घेतलंय. याच घरात, बारा वर्षांपूर्वी, तुमच्या यजमानांकडून.

"त्येच म्हनते मी. तुमी वही घिऊन आलाव, ह्ये का, त्ये का, दिसभर इचारत ऱ्हायलाव. आमचा दादला कटाळला. तंबाखूला चुना लावीत व्हता, त्योच बोटाचा चुना समोरच्या दगडाला पुसला. तुमी इचारलंव, ह्ये काय? त्यो म्हनला, राखनीचा दगुड. चारी कोपऱ्याला ठेवतो म्हनला. तुमी लगेच लिवलंव." तिनं डोळे पुसले. "मी म्हनले, बिचाऱ्याला खरं सांगा. म्हनला, ऱ्हाऊ दे, लिवतोय तर लिवू दे."

केण्यांचे कान तापले. आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, आणि त्यात एका माणसाची मस्करी शास्त्र म्हणून छापली. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय ते त्यांना त्या गोठ्यात कळलं.

नवशा मात्र फोटोवर वाकला होता. "आनि चुना बघा किती पांढरा. आगीत दगुड असता तर धुरानं काळा नसता झाला? दगडं आग इझल्यावर ठेवल्याती."

केण्यांची लाज हळूहळू खाली बसली आणि तिच्याखालून एक विचार वर आला. राबात दगड ठेवायची रीत साऱ्या तालुक्यात कुठेच नाही. ती जगात एकाच ठिकाणी आहे, त्यांच्या पुस्तकात. मग हा राब कुणी शेतकऱ्यानं केलेलाच नाही.

तो केला त्यांच्या वाचकानं.

३

आणि वाचक शोधणं अवघड नव्हतं, कारण ते जवळपास नव्हतेच.

पुस्तिकेच्या दोनशे प्रती छापल्या होत्या. दुकानात ठेवायला नेण्याचा धीर केण्यांना कधी झाला नाही. सगळ्या घरी ट्रंकेत होत्या. मार्चमध्ये समिती झाली तेव्हा डोंगरगावांची माहिती उपयोगी पडेल म्हणून त्यांनी मोठ्या संकोचानं तीन प्रती बाहेर काढल्या. पहिल्या बैठकीला डॉक्टर मेघाली आणि फरहान यांना दिल्या. भाविक त्या दिवशी नव्हते, त्यांना पुढच्या आठवड्यात दिली. बस, एवढेच वाचक.

डॉक्टर मेघाली तिथंच, गोठ्याच्या मागच्या खोलीत भेटल्या. पुस्तिका वाचली का, असं विचारताना केण्यांची जीभ अडखळली. डॉक्टरांनी ओशाळून औषधांच्या टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली पिवळं मुखपृष्ठ दिसत होतं.

"वाचणार होते, काका. खरंच."

केणे म्हणाले, असू दे, टेबल हलत नाही ना. मनात थोडं दुखलं, पण एक नाव कमी झाल्याचं बरंही वाटलं. दुपारी ते परत भिवंडीत आले.

फरहान आजोबांच्या कारखान्याच्या माळ्यावर, संगणकासमोर होता. खालच्या लूमच्या आवाजानं जमीन थरथरत होती. त्यानं पुस्तिका दोनदा वाचली होती, खुणेच्या चिठ्ठ्याही घातल्या होत्या. "काका, त्या दगडांमुळेच तर मी ओळखलं. नाहीतर मला काय कळणार, राब आहे का काय."

त्या उतारावर तू गेलासच कशाला, असं केण्यांनी विचारलं. फरहान म्हणाला, भाविकभाईंनी सुचवलं. तिथून सगळा जळका डोंगर एका नजरेत येतो, फिल्मला बरं पडेल म्हणाले. त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. पण लपवणारा माणूस असाच बोलला असता, हेही केण्यांना कळत होतं. ज्यानं पुस्तक वाचलं, तिथं जो गेला, फोटो ज्यानं आणला, असा एकच माणूस समोर होता. त्यांनी त्याची प्रत एक दिवसासाठी मागून घेतली.

भाविक सुताची शंकूसारखी रिळं रचलेल्या दुकानात बसले होते. महिनाभर कारखान्यामागून कारखाने फिरून त्यांचे गाल बसले होते. पुस्तिका कुठंतरी हरवली, ते म्हणाले, वाचायला सवडच झाली नाही. त्यांनी स्वतः उठून पाणी आणलं. मग विचारलं, "नवशाला काय होईल हो, काका? दंडावर भागेल ना? चुकून लागते आग, मुद्दाम कोण लावतं."

केणे म्हणाले, मला काही कल्पना नाही.

पाचेक मिनिटांनी, ते चपला घालत असताना, भाविकांनी तेच पुन्हा विचारलं.

४

घरी येऊन केण्यांनी फरहानची प्रत उघडली. एकतिसावं पान. 'तीन दगड.' फोटो शेजारी ठेवला. एक, दोन, तीन, चार.

छापताना चुकलं असेल, असं शेठ म्हणाले होते, आणि ते बरोबर होतं. ठकुबाईच्या नवऱ्यानं चारी कोपरे सांगितले होते आणि जुन्या वहीतही चारच होते. छापखान्यानं तीन केलं. पण हा राब रचणाऱ्यानं पुस्तकावरहुकूम काम केलं होतं. तीन वाचलं असतं तर त्यानं तीन ठेवले असते. निदान चौथ्या कोपऱ्याशी तो अडला असता.

मग चार त्याला कुठं दिसले?

केणे एकदम उभे राहिले. पहिल्या दोन प्रती दिल्यावर त्यांना झोप लागेना म्हणून त्यांनी पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून तपासली होती. ती चूक तेव्हा सापडली. दिलेल्या प्रती परत मागायची लाज वाटली. पण तिसरी अजून द्यायची होती. तिच्यात त्यांनी निळ्या शाईनं, आपल्या सुबक अक्षरात, 'तीन' खोडून 'चार' केलं होतं.

जगात एकाच प्रतीत चार दगड होते.

उद्या सांगायचं तर शंभरेक माणसांसमोर उभं राहून सांगावं लागणार होतं. आपलं पुस्तक चुकलंय, एका गावकऱ्यानं आपल्याला बनवलं आणि आपण ते छापलं, हे आधी सांगावं लागणार होतं. त्याशिवाय पुढचं कोणाला पटणार नव्हतं. चिठ्ठी लिहून शेठकडे पाठवावी का, असा विचार त्यांनी दोनदा केला. मग पट्ट्या बांधलेलं ते पाडस बाटली कशी ओढत होतं ते आठवलं, आणि त्यांनी चिठ्ठीचा कागद परत वहीत ठेवला.

५

रविवारी अकराला वाचनालय गच्च भरलं होतं. पुढच्या रांगांत कारखानदार, मागे कारागीर, भिंतीला टेकून नवशा आणि ठकुबाई. नवशाभोवती हातभर जागा मोकळी होती. तिथं कोणी उभं राहत नव्हतं.

फखरुद्दीन शेठ शिफ्ट रद्द झाल्याचं सांगायला उठले, तेवढ्यात दाराजवळून आवाज आला. इतका बारीक की दोन रांगांनीच ऐकला.

"माझ्या पुस्तकात एक चूक आहे."

शेठ थांबले. केणे पुढे आले. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला आणि तोंडानंच सांगायला लागले. वही, तंबाखूचा चुना, राखणीचा दगड, सगळं सांगितलं. मागे कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. केणेही थोडे हसले, आणि गंमत म्हणजे त्यानंतर आवाज मोकळा झाला.

"हसा," ते म्हणाले. "पण इथं शेतकरी असतील तर सांगा. राबात कोणी दगड ठेवतं?"

पडघ्याकडचा एक म्हातारा कारागीर उठला, म्हणाला, सात पिढ्यांत नाही ऐकलं. आणखी चारपाच माना हलल्या.

"मग हा राब नवशाचा नाही. दगडांवरचा चुना पांढरा आहे, म्हणजे ते विझलेल्या राखेत नंतर ठेवलेत. हा देखावा कोणीतरी माझं पुस्तक वाचून रचला. मी पुस्तकं दिली तिघांना. डॉक्टर, तुमच्या प्रतीत एकतिसाव्या पानावर किती दगड आहेत?"

डॉक्टर मेघालींनी केण्यांच्या निरोपावरून सकाळी टेबलाखालून काढून आणलेली प्रत उघडली. "तीन."

फरहानची प्रत केण्यांनी त्याच्याच हातात दिली. तोही म्हणाला, तीन.

"तिसऱ्या प्रतीत मी पेनानं दुरुस्ती केली होती. तीनचे चार केले होते," केणे म्हणाले. "डोंगरावर दगड चार आहेत."

नाव त्यांनी घेतलं नाही. ते कोणाकडे बघतही नव्हते.

तिसऱ्या रांगेतून भाविक उठले.

त्यांनी मग तुटक तुटक सांगितलं. त्या रविवारी ते बायकोमुलीला घेऊन त्या उतारावर पोपटी करायला गेले होते. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, भोवती पेटवलेला पेंढा, नेहमीसारखी मजा. निघताना आगीवर बाटलीभर पाणी ओतलं आणि विझली असं समजून खाली आले. घरी पोचल्यावर रात्री खिडकीतून लांबवर डोंगर पेटलेला दिसला. तेव्हापासून ते मदतीसाठी धावत होते, आणि ते धावणं खरं होतं. पण मागच्या आठवड्यात वनखात्यानं चौकशी सुरू केली, त्या दिवशी वर कोण होतं असं विचारायला लागले. भीतीनं त्यांची अक्कल गेली. मंगळवारी ते वर गेले, पालापाचोळा जाळला आणि पुस्तक उघडून दगड मांडले.

"मला वाटलं, गावाचा माणूस आहे, राबाचं निमित्त आहे, दंड होईल, तो मी गुपचूप भरीन." ते नवशाकडे वळले. "मी वाईट केलं. आगीपेक्षा वाईट केलं."

फरहाननं केण्यांकडे पाहिलं. काल संशय आपल्यावरही होता, हे त्याला आता कळलं असावं. फखरुद्दीन शेठ व्यासपीठावरून उतरले, ती हातभर मोकळी जागा ओलांडून नवशासमोर गेले आणि त्यांनी हात जोडले. "नवशाभाऊ, माफ करना. न पाहता बोललो."

नवशानं त्यांचे हात धरून खाली केले. मग तो भाविकांकडे वळला. सगळ्यांना वाटलं, आता तो मारतो.

"उद्या वनखात्याच्या कचेरीत जायचं आनि ह्येच सांगायचं," तो म्हणाला. "मी बी येतो संगं. पन आज तू इथं रडत बसलास तर त्या चाळीस कारखान्यांना सूत कोन पोचवनार?"

भाविकांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि ते दाराकडे निघाले. त्यांच्यामागून खुर्च्या सरकवत कारागीर उठले. शिफ्ट आहे का नाही, हे शेठनी जाहीर करायचं राहूनच गेलं. ते विचारायला कोणी थांबलंच नाही.

६

शेठच्या कारखान्यात बटण दाबायचा मान केण्यांना मिळाला. ते नको नको म्हणत असताना जमिला नावाच्या, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईनं त्यांचा हात धरून बटणावर ठेवला. एकदम चोवीस लूम सुरू झाले. शेठ त्यांच्या कानाशी काहीतरी ओरडले, त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. केणे दारात येऊन उभे राहिले. गल्लीत शेजारचा कारखाना सुरू झाला, मग समोरचा, मग कोपऱ्यावरचा. ज्या दोघांनी शुक्रवारी नकार कळवला होता त्यांच्याही पत्र्यांआडून खडखड यायला लागली. संध्याकाळपर्यंत चाळीसचे त्रेपन्न झाले होते. कापड घडी व्हायच्या आधीच विकलं गेलं. दवाखान्याची दोन वर्षांची चिंता मिटली.

भाविकांना जबर दंड झाला. तो त्यांनी भरला आणि दर रविवारी ते पिंजरे धुवायला अंबाडीला येऊ लागले. ठकुबाई त्यांना कामाला लावायची आणि काम नीट झालं नाही तर पुन्हा करायला लावायची. चहा मात्र पहिल्या दिवसापासून द्यायची.

मेच्या मध्यावर डॉक्टर मेघालींनी भेकराच्या पायांची शेवटची पट्टी काढली. वनखात्याचा माणूस आला, नवशानं कुंपणाचं दार उघडलं आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. केणेही होते. फरहाननं कॅमेरा लावला होता.

भेकर दाराशी आलं आणि थांबलं. दहा मिनिटं गेली. कोणी हललं नाही. मग त्यानं एक पाय बाहेर टाकला, जमीन हुंगली, आणि दोन उड्यांत ते करवंदीच्या जाळीत दिसेनासं झालं.

ऊन उतरत होतं. तेवढ्यात वर डोंगरातून आवाज आला, कुत्रा भुंकल्यासारखा, पण त्याहून खणखणीत. एकदा, थांबून पुन्हा एकदा. भेकर असंच ओरडतं, डॉक्टर हळूच म्हणाल्या. अंगणातली कुत्री तो आवाज ऐकून चवताळून भुंकायला लागली.

ठकुबाईनं त्यांच्यावर काठी उगारली.

"गप ऱ्हावा रं," ती म्हणाली. "त्याला बोलू द्या."